‘थ्री लिटल वर्ड्स’ (१९५०): एका चालीला शब्द मिळेपर्यंत

पेटीवाला

चाळीसच्या दशकात हॉलिवूडला गाणी रचणाऱ्यांवर सिनेमे काढायचा नादच लागला होता. १९४६ मध्ये एमजीएम स्टुडिओने संगीतकार जेरोम कर्नवर ‘टिल द क्लाउड्स रोल बाय’ काढला. त्याच वर्षी वॉर्नरने कॅरी ग्रँटला कोल पोर्टर बनवलं. १९४८ मध्ये रॉजर्स आणि हार्ट या जोडीवर ‘वर्ड्स अँड म्युझिक’ आला. सगळे एकाच साच्यातले. नायक पियानोपाशी बसून शून्यात बघतो, त्याला गाणं ‘सुचतं’, आणि लगेच पायऱ्यांवरून पिसं लावलेल्या मुली उतरायला लागतात. गाणं रचणं हे काम असतं, त्यात खाडाखोड असते, कंटाळा असतो, हे कुठे दिसतच नाही.

‘थ्री लिटल वर्ड्स’ याच माळेतला. कॉलेजात असताना मी तो निव्वळ फ्रेड अस्टेअरच्या नाचांसाठी पाहिला होता, मधलं सगळं पुढे पळवून. आता सलग पाहिला, आणि नाच बाजूला राहिले. हा सिनेमा दोन कामकरी माणसांच्या भागीदारीचा आहे आणि त्या बाबतीत वरच्या तिन्ही भपकेबाज सिनेमांना भारी आहे, असं माझं मत झालंय. ते मांडतो, मग तुम्ही फोडून काढा.

जोडी खरी आहे. बर्ट कालमार (जन्म १८८४) शब्द लिहायचा, हॅरी रूबी (जन्म १८९५) चाली द्यायचा. दोघेही न्यूयॉर्कचे. कालमार मुळात व्हॉडव्हिलमधला, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतला, नाच्या. गुडघा निकामी झाला आणि नाच सुटला. रूबी ‘साँग प्लगर’, म्हणजे प्रकाशकाची नवी गाणी गिऱ्हाइकापुढे पियानोवर वाजवून छापील स्वरलिपी खपवणारा. सिनेमात अस्टेअर झालाय कालमार आणि रेड स्केल्टन रूबी. दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प. दिलेलं काम वेळेत उरकणारा म्हणून स्टुडिओत त्याची ख्याती, आणि इथे ते पथ्यावरच पडलंय. कुठे अलंकरण नाही. दोन माणसं, एक पियानो, एक खोली.

गंमत अशी की दोघांनाही आपल्या धंद्यात मनापासून रस नाही. कालमारला जादूगार व्हायचंय, नाटक लिहायचंय. रूबीला बेसबॉल खेळायचाय. गाणी ही मधल्या मध्ये होणारी गोष्ट. आणि तीच दोघांना उत्तम जमते! रूबी एका नको त्या बाईच्या नादी लागतो, तर कालमार त्याला परस्पर वॉशिंग्टन सेनेटर्स या बेसबॉल संघाच्या सराव शिबिराला धाडून देतो. पुढे कालमार एक भिकार नाटक लिहितो, तेव्हा रूबी गुपचूप पैसे लावणाऱ्यालाच फितवतो, म्हणजे नाटक उभंच राहू नये. दोघांचा हेतू चांगला, दोघांची पद्धत पाठीमागून. हे बिंग फुटतं तेव्हा जोडी फुटते. प्रेयसीमुळे नाही, दारूमुळे नाही, पैशामुळेही नाही. ‘माझ्या भल्याचं तू परस्पर कसं ठरवलंस?’ यावरून. कुणाबरोबर दहा-बारा वर्षं काम केलेल्याला हे भांडण ओळखीचं वाटेल.

आणि त्या सगळ्यातून एक चाल फिरत राहते. रूबी ती सुरुवातीपासून वाजवतोय. कालमार दर वेळी ती उडवून लावतो, शब्द काही देत नाही. प्रेक्षकाला ती चाल पाठ होते, गाणं मात्र होत नाही. शेवटी शब्द मिळतात तेव्हा कळतं, की इतका वेळ ज्याची वाट बघत होतो ते शीर्षकगीत हेच.

चालीवर शब्द बसवण्याला इतकं महत्त्व देणारा दुसरा इंग्रजी सिनेमा मला आठवत नाही. तुम्हाला आठवतोय?

चहाटळ मैना

वाखुसा (वाचनखूण साठवली)! पेटीवाले, तुम्ही कॉलेजातलं म्हणता, मी शाळेतलं सांगते. केबलवर कार्टून नेटवर्क रात्री बंद व्हायचं आणि त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं. टॉम अँड जेरी बघत बसलेली आम्ही पोरं, आणि एकदम तोच एमजीएमचा सिंह डरकाळी फोडून भलतंच काहीतरी सुरू करायचा. आई म्हणायची ‘झोपा आता’ आणि स्वतः बघत बसायची. अस्टेअर मला तिथेच भेटला. नाव माहीत नव्हतं, ‘तो बारीक माणूस’ म्हणायचो. हा सिनेमा पाहिलाय की नाही ते काही आठवत नाही, पण त्यातल्या ‘बुप-बुप-अ-डूप’ करणाऱ्या मुलीचा तुकडा नक्की पाहिलाय.

निरुपमा के

लेख आवडला, पण मुद्द्यालाच हात घालते. ज्या चालीवर तुम्ही इतके भाळलात, ती सगळी कथा बनावट आहे. ‘थ्री लिटल वर्ड्स’ हे गाणं १९३० च्या ‘चेक अँड डबल चेक’ या सिनेमासाठी लिहिलं गेलं. वर्षानुवर्षं शब्दांवाचून लटकलेली चाल, भांडण, समेट, यातलं काही त्या गाण्याच्या वाट्याला आलेलं नाही. मागणी आली, माल दिला.

आणि तो सिनेमाही बघण्यासारखा नमुना आहे. दोन गोरे नट तोंडाला काळं फासून ‘एमॉस आणि अँडी’ ही कृष्णवर्णीय पात्रं करतात. पार्टीच्या प्रसंगात ड्यूक एलिंग्टनचा खरा, कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ वाद्यवृंद वाजवतोय. त्यातले हुआन टिझोल आणि बार्नी बिगार्ड रंगाने उजळ होते, तर गोरे-काळे एकत्र वाजवताहेत असं दिसू नये म्हणून त्यांनाही काळा मेकअप थापला. गाणं गायलं ‘रिदम बॉइज’नी, पडद्याबाहेरून, त्यांच्यात तरुण बिंग क्रॉस्बी होता. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची तबकडी तुफान खपली. ही खरी कथा. १९५० च्या सिनेमात यातलं अवाक्षर नाही. टेक्निकलरमध्ये सगळं कसं स्वच्छ!

आणखी एक. रूबीची बायको आयलीन पर्सी ही मूकपटांतली खरी नटी, डग्लस फेअरबँक्सबरोबर कामं केलेली. त्यांचं लग्न १९३६ चं. सिनेमाला हा क्रम सोयीचा नव्हता, म्हणून गुंडाळला.

पेटीवाला

निरुपमाताई, तपशील शंभर टक्के मान्य. एलिंग्टनच्या वादकांचं ऐकून तर चीड येते. पण माझा दावा वेगळा आहे. सिनेमा चरित्र म्हणून खोटा असेल, तरी कामाचं वर्णन म्हणून खरा आहे. एखादी चाल मनात घर करते आणि शब्द तिला धरत नाहीत, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. ‘वर्ड्स अँड म्युझिक’मध्ये गाण्यांची नावं खरी, माणसं खोटी. इथे प्रसंग खोटे, नातं खरं. मला दुसरा सौदा परवडतो.

बेलापूरचा अण्णा

चाल आधी की शब्द आधी, हा वाद आपल्याकडेही जुनाच. गीतरामायण (पुणे आकाशवाणी, १९५५-५६, दर आठवड्याला एक, अशी ५६ गीतं) आधी गदिमांच्या हातून कागदावर उतरायचं, मग बाबूजी चाल बांधायचे. सिनेमात मात्र उलटा कारभार भरपूर चालला. मुंबईच्या हिंदी संगीतकारांकडे तर पेटीवर चाल तयार, कवीने येऊन मीटर धरून शब्द भरायचे. त्यामुळे कालमार जेव्हा पायाने ठेका धरून ओठांत काहीतरी पुटपुटत बसतो, तेव्हा मला म्युझिक रूममधल्या गादीवर बसलेले आपले गीतकार दिसतात.

अवांतर: आमच्या वडिलांनी एमजीएमचे सिनेमे धोबीतलावच्या ‘मेट्रो’त पाहिले. ते थिएटर एमजीएमनेच १९३८ मध्ये बांधलेलं. सिनेमापेक्षा एअर कंडिशनिंगचं कौतुक जास्त सांगायचे.

खट्याळ खारीक

अण्णा, आता गदिमा-बाबूजी आले म्हणजे धागा पाचशे प्रतिसादांवर जाणार. पेटीवाले, आवरा!

रात्रपाळी

कुणी प्लेबॅकबद्दल बोललं नाही अजून? हा सिनेमा म्हणजे उसन्या आवाजांचं संमेलन आहे.

नायिका व्हेरा-एलनने पडद्यावर गायलेलं एकही गाणं तिचं नाही. आवाज अनिता एलिसचा. हीच बाई ‘गिल्डा’त रिटा हेवर्थसाठी गायली होती. मैनाताईंची ‘बुप-बुप-अ-डूप’वाली मुलगी म्हणजे १८ वर्षांची डेबी रेनॉल्ड्स. ती हेलन केन या गायिकेच्या भूमिकेत आहे आणि आवाज चक्क खऱ्या हेलन केनचा, त्यावर डेबीने ओठ हलवलेत. ‘आय वॉना बी लव्ह्ड बाय यू’ केनने १९२८ मध्ये ब्रॉडवेवर गायलं होतं, ‘गुड बॉय’ या नाटकात. म्हणजे बावीस वर्षांनी स्वतःचंच गाणं ती दुसऱ्या मुलीच्या तोंडून गायली.

पुढची गंमत ऐका. दोनच वर्षांनी ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये डेबी रेनॉल्ड्सची भूमिका कसली, तर नटीला पडद्यामागून आवाज देणाऱ्या मुलीची. आणि त्यातल्या काही गाण्यांत डेबीला आवाज दिलाय बेटी नॉइसने! आपल्याकडे पडद्यावर एक आणि माइकसमोर दुसरी, हे उघड चालायचं, रेकॉर्डवर नाव असायचं. तिकडे ते लपवायचे.

आणि ग्लोरिया डीहेवन यात तिच्या स्वतःच्या आईच्या भूमिकेत आहे. ‘हूज सॉरी नाऊ’ म्हणते. आवाज तिचा स्वतःचा, हा अपवाद.

चहाटळ मैना

हेलन केन म्हणजे कार्टूनमधल्या बेटी बूपवरून कोर्टात गेलेली तीच ना?

रात्रपाळी

तीच. कार्टूनवाल्या मॅक्स फ्लायशरवर १९३२ मध्ये अडीच लाख डॉलरचा दावा लावला, की माझी ढब चोरली. १९३४ मध्ये हरली. फ्लायशरच्या बाजूने मुद्दा आला की अशी गाण्याची तऱ्हा तिच्या आधी ‘बेबी एस्थर’ नावाची कृष्णवर्णीय मुलगी करत होती. सिनेमात कालमार-रूबी गाणं जुळवत असताना ही पोरगी मध्येच ‘बुप-बुप’ घालते आणि झालं, मामला मिटला. निरुपमा म्हणतात ते स्वच्छ टेक्निकलर हेच.

खट्याळ खारीक

तुम्ही सगळे एवढे गंभीर, आणि या जोडीचं खरं शिखर कुणी काढतच नाही. मार्क्स ब्रदर्स!!! ग्राउचो, चिको, हार्पो वगैरे विनोदी नट भावांच्या ‘ॲनिमल क्रॅकर्स’ची गाणी या दोघांची. त्यातलं ‘हुरे फॉर कॅप्टन स्पॉल्डिंग’ पुढे ग्राउचोची ओळखधून झालं. ‘हॉर्स फेदर्स’ (१९३२) आणि ‘डक सूप’ (१९३३) यांच्या लेखनातही दोघं आहेत. ‘हॉर्स फेदर्स’मध्ये ग्राउचो कॉलेजचा नवा प्रमुख म्हणून येतो आणि पहिलंच गाणं काय, तर विषय कोणताही असो, माझा विरोध आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं राष्ट्रगीत व्हायला हरकत नाही.

त्याच सिनेमात ‘एव्हरीवन सेज आय लव्ह यू’ हे एकच गाणं चारही भाऊ आपापल्या परीने करतात. कुणी गातो, चिको पियानोवर, हार्पो हार्पवर. एकच चाल, चार स्वभाव. वुडी ॲलनने १९९६ च्या सिनेमाला हेच नाव दिलं. आणि १९५० च्या चरित्रपटात मार्क्स बंधू दिसतसुद्धा नाहीत. स्पॉल्डिंगचं गाणं तेवढं आहे. हे म्हणजे जेवणावळीचं वर्णन करून जिलबी गाळण्यासारखं.

पेटीवाला

खारीकशेठ, हे एकदम पटलं. या दोघांचा तिरकसपणा, वाह्यातपणा सिनेमाने गाळलाच. गोड गाणी ठेवली, आंबट काढली.

नॅशव्हिलकर

इकडून लिहितोय, टेनेसीतून. सिनेमात ‘माय सनी टेनेसी’ हे त्यांचं पहिलं मोठं गाणं म्हणून दाखवलंय (मूळ १९२१). न्यूयॉर्कची पोरं दक्षिणेच्या आठवणीने व्याकूळ होतात, कारण त्या काळी बाजारात दक्षिणेच्या आठवणी खपत! स्वानी, डिक्सी, अलाबामा, काय वाटेल ते. धंदाच तो.

हा धंदा चालायचा मॅनहॅटनच्या पश्चिम २८ व्या रस्त्यावर. ‘टिन पॅन ॲली’. एकेका इमारतीत चार-चार प्रकाशक, प्रत्येकाच्या खोलीत पियानो, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या. पुढे प्रकाशक वरच्या भागात सरकले, नाव मात्र चिकटलं. तिथल्या पाच इमारतींना शहराने २०१९ मध्ये वारसा दर्जा दिला. मी जाऊन आलोय. खाली घाऊक मालाची दुकानं, हॉटेलं. फुटपाथवर एक पाटी. स्केल्टन दुकानात पियानो बडवतो तो प्रसंग त्यामुळे मला आवडतो. गाणं तेव्हा कागदाच्या रूपात विकलं जायचं, लोकांनी घरी जाऊन स्वतः वाजवायचं. चाल एका ऐकण्यात डोक्यात बसली नाही तर गिऱ्हाईक गेलं.

सांबराची वाटी

मला नाही झेपला हो. पाऊण तासाने झोप आली. बायकांच्या पात्रांना काम काय, तर नवऱ्यांचा समेट घडवून आणणं. रूबीची बायको झालेली अर्लीन डाल दिसते देखणी, पण सिनेमाभर समजूतदार हसण्यापलीकडे तिला दिलंय काय? कीनन विन मॅनेजर म्हणून येतो-जातो. आणि शेवट कुठल्या दिशेने जाणार ते पहिल्या वीस मिनिटांत कळतं.

पेटीवाला

वाटीताई, बायकांबद्दलचा आक्षेप रास्त आहे. फक्त व्हेरा-एलनला थोडी सूट द्या. ती कालमारची बायको जेसी ब्राउन झालीय, आणि खरी जेसीसुद्धा व्हॉडव्हिलमध्ये त्याची नाचातली जोडीदार होती. ‘मिस्टर अँड मिसेस हूफर ॲट होम’ हा नाच शक्य असेल तर पुन्हा पाहा. एका नाचणाऱ्या जोडप्याचा घरातला दिनक्रम, आणि घरातलं प्रत्येक काम नाचूनच. दारातून येणं, टेबलाभोवती फिरणं, खुर्चीवर बसणं, काहीही साधेपणाने होत नाही. कॅमेरा मागे उभा, दोघं नखशिखांत दिसताहेत, कट फार थोडे. व्हेरा-एलन त्याच्याबरोबरीने नाचते, मागे राहत नाही. नृत्यरचना हर्मीस पॅनची, म्हणजे अस्टेअरचा तीसच्या दशकापासूनचा सोबती. तीही एक भागीदारीच.

आणि हे पडद्यावर झालं की थोड्याच वेळात कालमारचा गुडघा जातो. त्यानंतर अस्टेअरला नाचायला फारसं उरतच नाही! जगातल्या सर्वोत्तम नाचणाऱ्याला घ्यायचं आणि अर्ध्या वाटेत त्याचा नाच बंद करायचा. मला हे धाडस वाटतं. तो ५१ वर्षांचा होता. १९४६ मध्ये निवृत्ती जाहीर करून बसला होता. १९४८ च्या ‘ईस्टर परेड’साठी परत आला, का, तर जीन केलीचा घोटा मोडला म्हणून. दुसऱ्याच्या मोडलेल्या पायामुळे परतलेला माणूस इथे स्वतःच्या मोडलेल्या पायाची भूमिका करतो. गुडघा गेल्यावर खुर्चीत बसून तो शब्द जुळवतो, तेव्हा बोटं टेबलावर ठेका धरतात. नाच तिथे उतरलाय. गोल्डन ग्लोब मिळालं त्याला या कामासाठी, आणि उगाच नाही.

स्केल्टनबद्दलही दोन शब्द. माकडचेष्टांसाठी प्रसिद्ध विदूषक. इथे त्याने स्वतःला इतकं आवरलंय, की त्याच्या दुखावलेल्या चेहऱ्यावर विश्वास बसतो.

रात्रपाळी

संगीत दिग्दर्शन आंद्रे प्रेविनचं आहे हेही लिहा की. वय २१. ऑस्करचं नामांकन मिळालं त्याला. बक्षीस ‘ॲनी गेट युवर गन’ला गेलं.

आणि सिनेमामुळे जुन्या गाण्यांना दुसरं आयुष्य मिळालं. ‘नेव्हरदलेस’ मूळ १९३१ चं. १९५० मध्ये मिल्स ब्रदर्स, सिनात्रा, सगळ्यांनी ते परत रेकॉर्ड केलं. ‘थिंकिंग ऑफ यू’ हे १९२७ च्या नाटकातलं. त्यावर एडी फिशर नावाचा नवखा गायक वर आला. आठ वर्षांनी ‘हूज सॉरी नाऊ’ने कॉनी फ्रान्सिसला तारलं. कालमार १९४७ मध्येच गेला होता, त्याला यातलं काही बघायला मिळालं नाही. रूबी होता. सिनेमात एका दृश्यात बेसबॉल झेलणारा खेळाडू म्हणून तो खरोखर दिसतो!

चहाटळ मैना

काय सांगता! म्हणजे स्वतःच्या चरित्रपटात त्याने संगीतकार नाही, बेसबॉलवालाच व्हायचं निवडलं. शाब्बास.

निरुपमा के

पेटीवाल्यांच्या ‘नातं खरं’ या मुद्द्यावर परत येते, कारण ‘वर्ड्स अँड म्युझिक’ मुद्दाम पाहिला. लॉरेन्स हार्टचं दुःख त्यात एका मुलीच्या नकारावर ढकललंय. प्रत्यक्षात तो समलैंगिक होता, व्यसनी होता, १९४३ मध्ये ४८ व्या वर्षी गेला. १९४८ च्या स्टुडिओला हे दाखवणं शक्यच नव्हतं, मग उरलं काय, तर हार्ट झालेल्या मिकी रूनीची धावपळ. कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नची गाणी कथेपासून सुटी ठेवलेली, म्हणजे दक्षिणेतल्या थिएटरांना ती कापून टाकायची सोय. जीन केली आणि व्हेरा-एलनचा ‘स्लॉटर ऑन टेन्थ ॲव्हेन्यू’ हा नाच मात्र जबरदस्त, तेवढ्यासाठी पाहावा. तेव्हा हो, तुलनेत कालमार-रूबींची भांडणं जास्त खरी वाटतात. मुळात त्यांच्या आयुष्यात लपवण्यासारखं कमी होतं, म्हणूनही असेल.

पण मी आले ते दुसरंच सांगायला. तुमची ती लटकलेली चाल आहे ना, ती मला सापडली. सिनेमाबाहेर.

मार्क्स बंधूंच्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’साठी (१९३५) कालमार-रूबींनी ‘मूनलाइट ऑन द मेडो’ असं एक गाणं लिहिलं होतं. सिनेमात ते घेतलंच नाही. चाल पडून राहिली. मग गीतकार ऑस्कर हॅमरस्टीनने शब्दांवर नव्याने हात फिरवला आणि गाणं झालं ‘अ किस टू बिल्ड अ ड्रीम ऑन’. तेही पडूनच. ते पडद्यावर आलं १९५१ मध्ये, ‘द स्ट्रिप’ या सिनेमात, लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजात. सोळा वर्षं! आणि ‘थ्री लिटल वर्ड्स’ नंतर अवघ्या एका वर्षाने, त्याच एमजीएममध्ये.

पेटीवाला

अहो! म्हणजे पटकथाकाराने चुकीच्या गाण्याला बरोबर गोष्ट लावली.

निरुपमा के

तसं म्हणा हवं तर. फक्त समेटाचा प्रसंग नाही त्यात. कालमार गेल्याला चार वर्षं झाली होती.

बेलापूरचा अण्णा

हे आर्मस्ट्राँगचं गाणं आमच्या सूनबाईंना पाठ आहे, ‘स्लीपलेस इन सिएटल’मुळे. कालमार-रूबी कोण हे तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही आजवर नव्हतं. ऑस्कर मिळालं का त्याला?

रात्रपाळी

नामांकन मिळालं, अण्णा. बक्षीस होगी कारमायकल आणि जॉनी मर्सरच्या गाण्याला. तीही जोडीच, त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही.

खट्याळ खारीक

मग त्यांच्यावर धागा काढा. मर्सरबद्दल माझाही विरोध तयार आहे.